कुणाची उजवी बाजू

इतिवृत्तात हात येत नाही. बैठकीत माणसं निम्मं बोलणं हातांनीच करतात. नकाशावर पंजा पसरतात, पेनाच्या टोपणाने हवेत रेघ ओढतात, हे असं इथून तिथपर्यंत म्हणतात आणि समोरचे माना डोलावतात. लिहिणाऱ्याला मात्र त्या पंजाचं वाक्य करावं लागतं. समन्वय कक्षात हे काम गेली नऊ वर्षं चिमी करत होती.

चिमी हे घरचं नाव. वय छत्तीस, चष्मा जाड, आवाज इतका हळू की शिपाई तिला प्रत्येक गोष्ट दोनदा विचारी. कचेरीत सगळे तिला बाई म्हणत आणि जरा जपूनच म्हणत, कारण तिच्या इतिवृत्तात आजवर कुणाला खोट काढता आली नव्हती. तिने स्वतःला एक नेम घालून घेतला होता. लिहून झालं की प्रत्येक वाक्याला तीन प्रश्न विचारायचे: कोणी, काय, कधी. तिन्हींचं उत्तर त्या वाक्यातच मिळालं तर ते ठेवायचं, नाहीतर पुन्हा लिहायचं. हा नेम तिने तापातसुद्धा मोडला नव्हता.

कक्षाचं काम म्हणजे तिघांची मोट बांधणं. एक, हमरस्ता रुंद करणारे. दुसरे, रेल्वेचा दुसरा मार्ग टाकणारे. तिसरे, किनारा राखणारे. पहिल्या दोघांना जागा हवी होती आणि तिसऱ्यांना ती द्यायची नव्हती. जागाही अशी चिंचोळी की कुणी जरा अंग सैल सोडलं की दुसऱ्याला धक्का बसे. आधी समुद्र. मग भरतीला बुडणारी आणि ओहोटीला उघडी पडणारी चिखलाची पट्टी, तिच्यात दाट खारफुटी. मग रेल्वेचा एकेरी मार्ग. मग साठेक पावलांची कोरडी मुरमाड जागा, मग हमरस्ता, आणि त्याच्या पलीकडे चढत गेलेली जमीन.

त्या मुरमाड जागेत रेल्वेची सहा घरं होती, एका ओळीत, एकासारखं एक. चौथ्या घरात चिमीचा थोरला भाऊ राहत होता. दादा रूळ राखणाऱ्या टोळीचा मुकादम होता. वहिनीचं शिलाईचं यंत्र पुढच्या खोलीत खिडकीला लावलेलं. हमरस्त्यावरून दिसावं म्हणून तिने खिडकीत एक लाल झगा टांगून ठेवला होता, आणि तो पाहून बायका थांबत. आई गेली तेव्हा चिमी अकरा वर्षांची होती. तिची शाळा, तिची टंकलेखनाची परीक्षा, कचेरीतली पहिली नेमणूक, सगळं याच घरातून झालं. वहिनीने तिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं असं लोक म्हणत. वहिनी म्हणे, पोटची असती तर एवढी शांत निघाली नसती.

आठ महिन्यांपूर्वीच्या बैठकीत सातवा मुद्दा भरावाचा होता. नकाशा टेबलावर पसरलेला, वर उत्तर, खाली दक्षिण. किनारा अधिकारी बाईंनी, म्हणजे ज्यांचे बूट कायम चिखलाचे असत त्यांनी, खारफुटीवर तळहात ठेवला आणि म्हणाल्या, इथे मातीचं एक घमेलं पडता कामा नये, रस्त्याचं नाही आणि रेल्वेचंही नाही, काय वाढायचं ते सगळं या अंगाला वाढा. त्यांनी हात जमिनीकडे सरकवला. रस्त्याचे साहेब हो म्हणाले. रेल्वेचे साहेब जरा कुरकुरले, आमची सहा घरं जातील म्हणाले, पण शेवटी तेही हो म्हणाले. चिमीने हात पाहिला, नकाशा पाहिला आणि लिहिलं: ‘दोन्ही विभागांनी कामाच्या वेळी वाढीव भराव केवळ उजवीकडे करावा. आड येणारी बांधकामे संबंधित विभागाने हटवावीत.’ कोणी? दोन्ही विभागांनी. काय? भराव. कधी? कामाच्या वेळी. वाक्य पास झालं. पुढच्या बैठकीत इतिवृत्त वाचलं गेलं, कायम झालं, तिघांनी सह्या केल्या. किनाऱ्याच्या बाईंनी तर दोनदा वाचून सही केली.

घर जाणार ही बातमी चिमीनेच त्या संध्याकाळी नेली होती. वहिनीने यंत्रात दोरा ओवला आणि जंक्शनच्या गावात शिवणकाम चालेल का, एवढंच दादाला विचारलं. बदलीचं घर तिकडेच मिळणार होतं, नव्वद किलोमीटरवर, चौथ्या मजल्यावर. चौथ्या मजल्यावर लाल झगा कुणाला दिसणार, हे तिघांनाही कळत होतं.

नंतर रेल्वेच्या साहेबांची बदली झाली. ज्यांनी हात पाहिला ते गेले, मागे कागद राहिला. तो कागद दूरच्या शहरातल्या आराखडा विभागात गेला, आणि त्यातून जे निघालं ते पाहायला चिमीला कुणी बोलावलं नाही.

एका रविवारी ती दादाकडे जेवायला गेली तर वहिनी स्टुलावर चढून भिंतीला रंग देत होती. केसांत, कानांत, सगळीकडे पांढरे ठिपके.

चिमीने विचारलं, जायच्या घराला रंग कशाला. वहिनी खाली उतरली, तिचा हात धरून तिला मोरीपाशी नेऊन कुजबुजली, जसं काही मोठ्याने बोललं तर फिसकटेल.

“घर राहिलंय. नवीन नकाशा आला. आपल्या घरांना बोटसुद्धा लावत नाहीयेत.”

मग तिने एका दमात सगळं सांगितलं. दवाखान्याच्या पडद्यांचं काम घेतलं होतं, शेजारणीने कोंबड्या परत आणल्या होत्या, पहिल्या घरातल्या आजोबांनी तर दाराला नवीन कडी बसवली होती. चिमी ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर आनंद उमटायला उशीर झाला तेव्हा वहिनी म्हणाली, तुझं आपलं नेहमीचंच, आनंदसुद्धा तपासून घेतेस.

जेवण झाल्यावर दादा रूळ ओलांडून पलीकडे निघाला. चिमी त्याच्यामागे गेली. ओहोटी होती. खारफुटीची मुळं चिखलातून बोटांसारखी वर आलेली, त्यांच्यामधून लहान मासे पोटावर सरपटत, मध्येच उडी मारत. आणि त्या चिखलात, रुळापासून अठरा-वीस पावलांवर, खुंट्यांची एक रांग लांबवर गेलेली होती. प्रत्येक खुंटीच्या डोक्याला लाल रंग. पंधरा दिवसांत मातीच्या गाड्या येणार असं दादा म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला की चिखलावरचा भराव धड बसायचा नाही, दर वर्षी खडी ओतत राहावं लागेल, पण मुकादमाला कोण विचारतं.

चिमी म्हणाली, इकडे भराव घालायचा नाही असं ठरलं होतं. मी स्वतः लिहिलंय.

“काय लिहिलंस?”

“केवळ उजवीकडे.”

दादा हसला नाही, पण त्याच्या मिशा हलल्या. त्याने पाठ उत्तरेकडे केली, तोंड दक्षिणेकडे, आणि उजवा हात सरळ बाजूला पसरला. हात समुद्राकडे गेला.

“कुणाच्या उजवीकडे?” तो म्हणाला.

मग त्याने समजावलं, टोळीत नव्या माणसाला समजावतात तसं. रेल्वेचे किलोमीटर जंक्शनपासून मोजतात आणि जंक्शन उत्तरेला आहे. शून्याकडे पाठ करून उभं राहायचं. उजव्या हाताला येईल ती उजवी बाजू. मग मागून गाडी येवो की पुढून, वाऱ्याने टोपी उडो, बाजू बदलत नाही. रस्तेवाल्यांचं शून्य दक्षिणेच्या बंदरात. ते उत्तरेकडे तोंड करून उभे राहतात, म्हणून त्यांची उजवी बाजू जमिनीकडे. बैठकीतल्या नकाशाची उजवी बाजूही जमिनीकडेच. चुकलं कुणाचंच नाही. दोघांनीही आपापल्या उजव्या हाताचं ऐकलं होतं.

चिमीच्या पायाखालचा चिखल हळूहळू बुटात शिरत होता. तिने आपल्या वाक्याला मनातल्या मनात चौथा प्रश्न विचारून पाहिला: कुठे उभं राहून? उत्तर नव्हतं. नऊ वर्षांत तिला हा प्रश्न सुचला नव्हता.

“तुला खुंट्या पाहून कळलं होतं?” तिने विचारलं.

खुंट्या ठोकायला आलेल्या पोरांना पाणी आपणच पाजलं, असं दादा म्हणाला. किनारेवाल्यांनी असं कसं मान्य केलं हा विचार मनात आला होता, आणि तो आपण तिथेच ठेवला. घरी जाऊन वहिनीच्या हातचा चहा प्यायला. “आता तिला तू सांग,” तो म्हणाला. “माझ्याने होणार नाही.”

वहिनीने सगळं ऐकून घेतलं. ती रागावली नाही. तिने ब्रश पाण्याच्या डब्यात ठेवला आणि शांतपणे एकेक प्रश्न विचारला, जणू इतिवृत्त तीच तपासत होती. तू खोटं लिहिलंस का? नाही. कुणी तुला असं लिही म्हणून सांगितलं? नाही. रेल्वेवाले कागदाबाहेर काही करतायत? नाही.

“मग शब्द बरोबर आहे,” वहिनी म्हणाली. “उजवीकडे लिहिलंस, उजवीकडेच घालतायत. तू बदलायला जाशील तर उलट तूच कायम झालेला कागद फिरवल्यासारखं होईल.”

वहिनी खोटं बोलत नव्हती, हेच अवघड होतं. तो शब्द खरा होता. तिच्या जागी दुसरी कुणी असती तर ती त्या शब्दाच्या आडोशाला जन्मभर सुखाने राहिली असती आणि कुणीही तिला बोल लावला नसता. चिमी म्हणाली की सगळ्यांनी हो म्हटलं ते हाताला, शब्दाला नव्हे. शब्द माझा आहे. वहिनी म्हणाली, झाडं पुन्हा उगवतात. चिमी म्हणाली, भरावाखालची उगवत नाहीत.

तुला मी वाढवलं, असं वहिनी म्हणाली नाही. म्हणाली असती तर चिमीला बरं वाटलं असतं. तिने फक्त भिंतीचा उरलेला भाग पुरा केला, कारण कालवलेला रंग वाळून गेला असता.

सोमवारी चिमी साहेबांच्या खोलीत गेली. समन्वय अधिकारी हा मनाने सरळ माणूस होता, पण त्याच्या कारकिर्दीत एकही मुद्दा दुसऱ्यांदा उघडला गेला नव्हता आणि त्याला त्याचं मोठं अप्रूप होतं. बाईंचं म्हणणं त्याने तीनदा ऐकलं, तिसऱ्यांदा चष्मा काढून. कायम झालेलं इतिवृत्त कायम असतं, तो म्हणाला. लग्न मोडता येतं, हे नाही. चिमी म्हणाली शुद्धिपत्रक काढता येतं, नियम एकोणीस. साहेबाला नियम एकोणीस आठवत नव्हता. त्याने तो वाचला आणि सुस्कारा सोडला.

“चूक कुणाची म्हणून लिहायचं?”

“लेखनिकाची,” चिमी म्हणाली.

गुरुवारी तिन्ही विभाग आले. रेल्वेचे नवे साहेब तरुण होते आणि आल्या आल्या म्हणाले की त्यांच्याकडे उजवी म्हणजे उजवी, यात वाद कसला. रस्त्याचे साहेब म्हणाले, आमच्याकडेही उजवी म्हणजे उजवीच, तुमच्याकडे काही वेगळी मिळते का. पाच मिनिटं हे चाललं. शेवटी समन्वय साहेबांनी सगळ्यांना उभं केलं आणि आपापल्या किलोमीटरप्रमाणे उजवा हात वर करायला सांगितलं. एक हात खिडकीकडे गेला, एक कपाटाकडे. चहा घेऊन आलेल्या शिपायाला वाटलं, कसलीशी शपथ चालू आहे. तो ट्रे घेऊन दारातच थांबला. किनाऱ्याच्या बाई तेवढ्या बसून होत्या. त्यांनी रेल्वेचा आराखडा आपल्याकडे ओढला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. हा कागद महिनाभर माझ्या टेबलावर होता, त्या म्हणाल्या. रेल्वेच्या नकाशात उत्तर वर नसते, डावीकडे झोपलेली असते. त्यांनी नकाशा पाहिला होता, उत्तर पाहिली नव्हती.

आराखडा बदलायचा तर चार महिने जातील, रेल्वेचे साहेब म्हणाले, आणि सहा घरं पाडावी लागतील. मग फाइल चाळत असताना त्यांना काहीतरी आठवलं. त्यांनी मान वर केली.

“चार नंबरच्या घरात तुमचे भाऊ राहतात ना, बाई? मुकादम?”

“हो.”

“म्हणजे हे असंच राहिलं असतं तर तुमचा फायदाच होता.”

“हो,” चिमी म्हणाली आणि तेही लिहून घेतलं, कारण बैठकीत बोललं गेलं होतं. समन्वय साहेबांनी नंतर ते वाक्य खोडायला लावलं.

शुद्धिपत्रक दोन ओळींचं होतं. ‘मुद्दा सातमधील “केवळ उजवीकडे” या शब्दांऐवजी “केवळ समुद्राच्या विरुद्ध बाजूस” असे वाचावे. सदर त्रुटी लेखनिकाची आहे.’ तिच्या सेवापुस्तकात निष्काळजीपणाचा शेरा पडला. रेल्वेचे साहेब जाताना तिच्या टेबलापाशी क्षणभर थांबले, काहीतरी बोलायचं होतं त्यांना, पण शब्द न सुचल्यामुळे त्यांनी तिचं पंचिंग यंत्र उचलून पाहिलं आणि परत ठेवलं. खुंट्या पुढच्याच आठवड्यात उपटल्या गेल्या. भोकं तेवढी राहिली, त्यांत भरतीचं पाणी साचे आणि ते लहान मासे त्यांत जाऊन बसत. किनाऱ्याच्या बाईंनी हे चिमीला फोन करून सांगितलं. चिमी बरं म्हणाली.

सहा घरांना नोटीस लागली. पहिल्या घरातले आजोबा कडी काढून घेऊन लेकीकडे गेले. शेजारणीने कोंबड्या विकल्या आणि हमरस्त्यावर चिमी दिसली की ती तोंड फिरवू लागली. दादाने जंक्शनच्या घरासाठी अर्ज केला. तळमजला मागितला होता, दुसरा मजला मिळाला. त्यासाठी त्याने कुणाकुणाचे पाय धरले ते त्याने घरात सांगितलं नाही. चिमी दर रविवारी जात राहिली. वहिनी जेवायला वाढे, भाजी कमी पडली का विचारी, आणि दुसरं काही बोलत नसे. दादा दोघींच्या मध्ये बसून हवापाण्याच्या गप्पा मारी. आयुष्यात कधी हवापाण्यावर न बोललेला माणूस तो. बिचारा लवकरच थकला.

सामान हलवायच्या दिवशी चिमी सकाळीच रजा टाकून आली. घर रिकामं होताना आवाज वाढत जातो. भांडं ठेवलं तरी दणका बसे. वहिनीने प्रत्येक गाठोड्यावर खडूने काय आहे ते लिहिलं होतं, मोठ्या गोल अक्षरांत. चिमीला ती अक्षरं ओळखीची होती. तिच्या शाळेच्या वह्यांवर तिचं नाव याच हाताने घातलेलं असे. शिलाईचं यंत्र सगळ्यात शेवटी निघालं. दोघींनी ते मिळून उचललं, पायऱ्या उतरवल्या, टेम्पोत चढवलं. वहिनीने त्याच्या चाकाला आपली जुनी ओढणी गुंडाळली, घट्ट गाठ मारली आणि गाठीकडे बघतच बोलली.

“तू केलंस ते चुकलं असं मला म्हणता येत नाही. खूप प्रयत्न केला.”

चिमीने यंत्र डुगडुगू नये म्हणून धरून ठेवलं.

“पण तुला बघितलं की मला ती भिंत आठवते. हातात ब्रश घेऊन मी तिथे मूर्खासारखी उभी.” वहिनीने गाठ पुन्हा ओढून पाहिली. “तिकडे दोन महिने येऊ नकोस, चिमे. मग ये. रविवारीच ये, आणि जेवायलाच ये. आधी कळव, म्हणजे तेवढं करून ठेवीन.”

“दोन महिने कुठल्या दिवसापासून?” चिमीने विचारलं, कारण तिला ते नक्की माहीत असणं भाग होतं.

वहिनीने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. तिला हसू आवरावं लागत होतं की रडू, हे दादालाही सांगता आलं नसतं, आणि तो तर जवळच उभा होता.

“आजपासून,” ती म्हणाली आणि टेम्पोत पुढे जाऊन बसली.